गोजरबाईचं टमरेल

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या हातात कुदळ द्यावी, त्याला डोंगरावर न्यावं आणि आपण हजेरीचं रजिस्टर घेऊन सावलीतल्या खडकावर बसावं. मी तेच केलं. शहाण्णव साली हिवऱ्याचं बघून आमच्याही गावाला पाणी अडवायची हुक्की आली. दर मंगळवारी श्रमदान ठरलं. घरटी एक माणूस म्हसोबाच्या डोंगरावर जायचं आणि आडवे चर खणायचे. दूध डेअरीचा सेक्रेटरी म्हणून माझं अक्षर गावात वाचण्याजोगं समजलं जातं, त्यामुळे रजिस्टर माझ्याकडे आलं. कुदळ आपोआपच दुसऱ्यांकडे गेली.

पहिल्या मंगळवारची माझी मोजदाद अशी होती. कुदळ उचलण्याआधी हातावर तीनदा थुंकणारे सात. आडवा आलेला दगड केवढा मोठा आहे हे दाखवायला चौघांना हाका मारणारे नऊ. चर सरळ आहे की नाही हे एक डोळा मिटून बघणारे पाच, आणि त्या पाचांनी दिवसभर दुसरं काहीही केलं नाही. खरोखर खणणारी माणसं अकरा. त्यांतल्या आठ बायका. रजिस्टरात मात्र सगळेच 'हजर'.

हजर आणि गैरहजर यांच्या मध्ये आबासाहेबांनी एक तिसरा रकाना आखायला लावला होता, तो म्हणजे 'माफ'. आबासाहेब श्रमदान कमिटीचे अध्यक्ष. मनानं मोठा माणूस. एवढा मोठा, की दुसऱ्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही हेसुद्धा तेच ठरवायचे. माफीच्या रकान्यात पाच नावं होती. दोघं खरोखरच खाटेवरून उठत नव्हते. तिसरा रंभाजी. खडीक्रशरवर वीस वर्षं काढून छातीत दगडाची भुकटी घेऊन आलेला. चौथी आक्काबाई, तिला साखरेचा आजार. आणि पाचवी गोजरबाई.

गोजरबाई पंचावन्नची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा आदिनाथ भोसरीला कंपनीत लेथवर कामाला, बायको सीमा आणि पोरंही तिकडंच. घरात ती आणि एक गाय. सहा-सात वर्षांपासून तिला दम लागायचा. डेअरीत दूध घालायला आली की किटली ठेवून खांब धरायची आणि बोटानंच खुणावायची, लिहा, दीड लिटर. गाव त्याला दमा म्हणायचं. आणि दम्यावर गावाचं एकच औषध होतं, ते म्हणजे बसून राहा.

त्या औषधाचा मोठा डोस आबासाहेबांनी दिला. भर सभेत म्हणाले, "गोजरवहिनी, तुमी डोंगराकडं बघायचंबी न्हाई. खाली म्हसोबापाशी सावलीत बसायचं आन समद्यांचा चहा करायचा. बसून काम. गाव तुमच्या पाठीशी हाय."

गावानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दोन मंगळवार तिनं तीन दगड मांडून साठ माणसांचा चहा केला. सरपण म्हणजे ओल्या बाभळीच्या काटक्या. पहिल्या मंगळवारी ती खोकली. दुसऱ्या मंगळवारी दुसरं पातेलं उतरवताना तिला श्वासच मिळेना. तोंड राखेसारखं झालं, ओठ जांभळे. सकाळचं दूध नगरला नेणारा टेम्पो डेअरीसमोर उभा होता, त्यातच तिला घातली. आबासाहेबांनी मला सोबत बसवलं आणि टेम्पो सुटेपर्यंत खिडकीतून माझं नाव घेऊन सांगत राहिले, "बसून काम दिलं हुतं रं श्रीमंत. बसूनच दिलं हुतं."

नगरला छातीची डॉक्टरीण होती, तरुण पोर. दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी आणायला गेलो तर तिनं दोघांनाही समोर बसवलं.

"बिडी ओढता?"

गोजरबाईचा श्वास तेव्हा नुकताच जागेवर आला होता. तो सगळा तिनं एका वाक्यात खर्च केला. "म्या? बिडी? वो बाई, मला काय समजलीस तू?"

"मग काय करता दिवसभर?"

"काय न्हाई. बसती."

मी मध्ये अभिमानानं सांगितलं, "गावानं त्यांना हलकं काम दिलंय, मॅडम. चहाचं."

"गॅसवर?"

"न्हाई, तीन दगडांवर."

डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी शाळेत बाकावर उभं केलं होतं तेव्हा असं वाटलं होतं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. हा साधा दमा नव्हे. चाळीस वर्षं चुलीच्या धुरानं फुफ्फुसं जुनी केलीत. गेलं ते परत येणार नाही, पण आहे ते पुरवून वापरता येतं. धुरापासून लांब राहा, हा औषधाचा पंप रोज ओढा आणि चाला.

"चालू?" गोजरबाई म्हणाली. "दम लागतो म्हनून तर बसले."

"बसलात म्हणून पाय गेले. पाय गेले म्हणून दम जास्त लागतो. जास्त लागतो म्हणून आणखी बसता. पायांत ताकद आली की आहे तोच श्वास लांबवर पुरतो."

"आन चालता चालता मेले तर?"

"दम लागणं म्हणजे मरणं नव्हे, आजी. दम लागला की थांबायचं, आवरला की पुन्हा निघायचं. ओठ निळे पडले, छातीत दुखलं, तर बसायचं आणि माझ्याकडे यायचं. पण घाबरून रोजच बसायचं नाही."

आजी म्हटल्याचा तिला राग आलेला दिसला, पण ऐकून घेतलं. मग नर्सनं घड्याळ लावून तिला व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं.

"कुठं जायाचं?"

"कुठंच नाही. इथून तिथं, तिथून इथं."

"मंग कशाला?"

तरी चालली. चारदा भिंतीला टेकली, आठ खेपा झाल्या. श्वास कसा सोडायचा ते डॉक्टरीण बाई शिकवायला लागल्या. नाकानं घ्यायचा, ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. गोजरबाईला ते उमजेना. शेवटी मीच म्हणालो, "वहिनी, फुंकणी धरल्यावानी." तिनं ओठ पुढे केले आणि पहिल्याच फटक्यात असा लांब श्वास सोडला की डॉक्टरीण बाई हसल्या. दोन मोजून घ्यायचा, चार मोजून सोडायचा.

येताना टेम्पोत ती नेप्ती गाव मागे पडेपर्यंत ओठांचा चंबू करून श्वास सोडून बघत होती. मग म्हणाली, "श्रीमंत भावजी, चाळीस वर्सं फुंकनी फुंकली ती चुलीसाठी. आता सोतासाठी फुंकते."

पुढच्या मंगळवारी म्हसोबापाशी पातेलं, तीन दगड आणि सरपण तयार होतं. गोजरबाई आली, पण त्या दगडांपासून वीस पावलं अलीकडेच थांबली.

"आबासाहेब भावजी, म्या चहा करनार न्हाई."

"बरं, आज इसावा घ्या."

"इसावा नको. मला वर नाव द्या. चर आखून द्या."

आबासाहेबांना वाटलं तिला तापच भरला. "वहिनी, मरायचंय का?"

"मला चुलीनं खाल्लं, आन तुमी दया करून परत चुलीच्याच म्होरं बसवली. तवा कुनी न्हाई इचारलं, मरायचंय का म्हनून. आता वर जाते म्हनलं की समद्यांना माझ्या मरनाची काळजी!"

बायका पदराआड हसल्या. आबासाहेबांना हसणं चालायचं, पण आपल्या दयेवर हसलेलं चालायचं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "श्रीमंत, लिहा. गोजरबाई, माफ." मी लिहिलं. पोटासाठी माणूस काय काय लिहितो, आणि मी तर आबासाहेबांच्या नुसत्या मैत्रीसाठी लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती चालायला लागली. इथं एक अडचण आली, जी नगरच्या डॉक्टरीण बाईंना कुठल्या पुस्तकात वाचायला मिळाली नसावी. आमच्या गावात माणूस विनाकारण चालत नाही. चालला तर कारण सांगावं लागतं. कारण सांगितलं की त्यावर बोलावं लागतं, आणि बोलायला लागलं की बसावं लागतं. गोजरबाईच्या दारापासून ओढ्यापर्यंत पाच ओटे. पहिल्या ओट्यावर छबूबाई. "कुठं निघाली गं गोजरा?"

उत्तर द्यायचं तर श्वास लागतो. न द्यायचं तर वैर होतं. गोजरबाईनं दिलं. "चालाय."

"कुठं?"

"कुठंच न्हाई."

"मंग कशाला?"

पुढच्या दोन ओट्यांवर पुन्हा हेच झालं. तिचा दम पायांनी नाही, तोंडानं संपला. ओढा राहिला बाजूला, तिसऱ्या ओट्यावरच तिला बसवून पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. शिवाय गोजरबाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, रिकामीच फिरती, ही बातमी डेअरीत माझ्यापर्यंत दुधाच्या आधी पोचली.

चौथ्या दिवशी ती टमरेल घेऊन निघाली.

हे कळायला आमच्याकडचं असावं लागतं. त्या सालात गावात संडास तीन, आणि त्यातल्या दोहोंत सरपण भरलेलं. बाकी सगळं गाव ओढ्याकडे किंवा माळाकडे. हातात टमरेल असलेल्या माणसाला आमच्यात कुणी हाक मारत नाही. कुठं निघाला विचारत नाही, वाट अडवत नाही. समोरून आला तर तोंड फिरवून पुढं जाऊ देतात. तालुक्याचा साहेब गावात मोकळा फिरू शकत नाही एवढा टमरेलवाला फिरतो.

छबूबाईनं तोंड उघडलं, टमरेल बघितलं आणि मिटलं. पाचही ओटे गप्प. गोजरबाई ओठांचा चंबू करून, दोन मोजत, चार मोजत, थेट ओढ्यापर्यंत गेली.

मला डेअरीच्या दारातून तो रस्ता दिसतो. आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं. भरलेल्या टमरेलाची चाल वेगळी असते. हात ताठ, अंगाशी धरलेला. गोजरबाईचा हात झुलत होता. एकदा तर तिनं ते उलटं धरून त्यानं कुत्रं हाकललं, आणि थेंबसुद्धा सांडला नाही. दुधाला आली तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, टमरेलाला भोक पडलंय वाटतं."

तिनं इकडं तिकडं बघितलं. "आज सात डांब गेले भावजी. इसावे दोन."

तेव्हापासून आमचं रोजचं ठरलं. ती दूध द्यायची आणि विजेच्या खांबांचा आकडा सांगायची. सात, नऊ, मग पलीकडची बाभळ, मग म्हसोबाचा पायथा. पंप ती पदराखाली लपवून ओढायची, कारण पंप लागला म्हणजे माणूस संपला अशी गावाची समजूत. खांब मात्र धरायची राहिली. दीड लिटर हे आता तोंडानं सांगायची, आणि किटली खाली ठेवायच्या आधी.

पण गाव मोजायला माझ्याहून कमी नाही. छबूबाईनं मोजलं. दिवसातून चार खेपा. एकेक खेप पाऊण तासाची. त्यात गोजरबाई अंगानंही उतरलेली, बसून आलेली सूज गेलेली. छबूबाईनं निदान केलं, बाईला हगवण लागलीय आणि ती आतडी घेऊनच जाणार.

मग उपचार सुरू झाले. डाळिंबाची साल आली. सुंठ आली. म्हसोबाचा अंगारा आला. आबासाहेबांनी आरोग्य केंद्रातून मीठ-साखरेची पुडकी पाठवली, दहा. गोजरबाईला नाही म्हणता येईना. पोट बरं आहे म्हणावं तर टमरेल कशाला, आणि टमरेल गेलं तर पाच ओटे परत बोलायला लागणार. ती सगळं पदरात घेत राहिली आणि गाव तिच्या चेहऱ्यावर मरणकळा बघत राहिलं. मी दोनदा आबासाहेबांना सांगायला गेलो, आणि दोन्ही वेळा तेच बोलत राहिले.

शेवटी आबासाहेब स्वतः एसटीडी बूथवर गेले आणि भोसरीला कंपनीत फोन लावला. "आदिनाथ, आईचं काय खरं न्हाई. असशील तसा ये."

आदिनाथ सोमवारी दुपारी आला तो डोळे सुजवून. पोरगा वाईट नाही. बिनपगारी रजा टाकून आला होता, आणि आल्याबरोबर आबासाहेबांना आणि मला घेऊनच घरी गेला. त्याची सगळी तयारी ठरलेली होती. गाय शेजारच्या पुंजारामच्या दावणीला बांधायची, घराला कुलूप, आई भोसरीला. कायमची.

आम्ही अंगणात शिरलो तर मरणाला टेकलेली बाई गाईचं दावं ओढत गोठ्यातून बाहेर येत होती.

"आई!" आदिनाथ तिच्या हातातलं दावं घ्यायला धावला. "तू बस. बस तू आधी."

"का रं? अचानक कसा आलास?"

"तुला न्यायला. सीमानं जागा करून ठेवलीय. पहिला मजला हाय, पन तुला जिना उतरायचंच काम न्हाई. समदं हातात मिळंल. नुसतं बसून ऱ्हायचं."

"नुसतं बसून?"

"व्हय. टीव्ही हाय."

गोजरबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग आबासाहेबांकडे, मग माझ्याकडे. मी गाईकडे बघितलं. ती आत गेली आणि टमरेल घेऊन आली. ते तिनं आबासाहेबांच्या पायाशी पालथं आपटलं. आतून थोडी माती पडली.

"बघा. म्हैनाभर पान्याचा थेंब न्हाई यात."

आबासाहेब खाली वाकून बघायला लागले. "मंग दिवसातनं चारदा जात कुठं हुता?"

"चालाय. डाक्तरनीनं सांगितलंय."

"टमरेल घिऊन?"

"मोकळ्या हातानं कुनी चालू देतं का ह्या गावात?"

कुंपणाशी छबूबाई उभी होतीच. "अगं, मंग माझी डाळिंबाची साल?"

"गाईला घातली. तिला बरी मानवली."

आदिनाथला हसावं की रडावं कळेना. पण भोसरीची गाडी त्याच्या डोक्यातून हलली नव्हती. "आई, चालतीस ते ठीक. पन रात्री-अपरात्री दम लागला तर कोन हाय? मी तिकडं मशीनवर उभा, आन डोक्यात तू. मला काम सुचत न्हाई गं. माझ्यासाठी चल."

हे खरं होतं. गोजरबाईनं पालथं टमरेल उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बसून ऱ्हायले तर तुझ्या भोसरीत वर्साच्या आत मरंन. आन तू म्हनशील, सेवा केली. उद्या मंगळवार हाय. मी डोंगरावर येते. माझा चार हात चर मला आखून द्या. काढला, तर तू एकटा जायाचं. न्हाई जमला, तर मी गाठोडं बांधते आन बसते तुझ्या टीव्हीम्होरं."

"न्हाई," आबासाहेब म्हणाले. "माझ्या कमिटीत हे चालनार न्हाई. वर काय झालं तर जबाबदारी कुनाची?"

"माझी. छाती माझी हाय ना?"

कुंपणाबाहेरून कुणीतरी खोकलं. रंभाजी. गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीवरून येता येता थांबला होता. "आबासाहेब, एक चर माझाबी आखा."

"रंभाजी, तुझ्या छातीत दगडाची भुकटी हाय."

"तीच सांगतो. ती दगड फोडून आलीय, बसून न्हाई आली." तो दम घ्यायला थांबला. "गावाच्या कुठल्या यादीत आमच्या वस्तीचं नाव आधी येत न्हाई. माफीच्या यादीत तेवढं पहिलं. ते खोडा."

आबासाहेबांना नाही म्हणता आलं नाही, एवढंच मी टिपलं.

मंगळवारी हजेरी विक्रमी होती. कधी न येणारेही आले. काम करायला नव्हे, बघायला. म्हसोबापासून तिसऱ्या टप्प्यापर्यंत चारशेबारा पावलं, मी आदल्या दिवशी मोजून ठेवली होती. गोजरबाई आली. हातात टमरेल नव्हतं, कुदळ होती. सगळ्या गावादेखत तिनं पिशवीतून पंप काढला आणि ओढला.

"अगंबाई, पंप!" छबूबाई म्हणाली.

गोजरबाईनं दहा मोजेपर्यंत श्वास धरला, सोडला, आणि म्हणाली, "व्हय, पंप. चष्मा लावतीस ना तू? तसा."

मग निघाली. तिच्यामागं दहा पावलांवर रंभाजी. आणि त्याच्यामागं, कुणी न बोलावता, आक्काबाई. पदरात भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा बांधून. "साखर उतरली तर आसावा," म्हणाली. डॉक्टरनं तिलाही वर्षापूर्वीच चालायला सांगितलं होतं. तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

दोन पावलं श्वास आत, चार पावलं बाहेर. ओठ पुढे काढलेले. पहिला विसावा साठ पावलांवर. दुसरा त्यापुढं पंचावन्नवर. आदिनाथनं दंड धरला तशी तिनं झटकला. "सोड. मोजनी चुकती."

सहाव्या विसाव्यापर्यंत ठीक होतं. सातवा दोनशेनव्वदाव्या पावलावर झाला आणि लांबला. ती खडकाला टेकून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकली. खांदे वरखाली व्हायला लागले.

"बास झालं," आबासाहेब खालून ओरडले. "आदिनाथ, उचल तिला. वहिनी, कसं वाटतंय? वहिनी? बोला तरी!"

खालून रंभाजी म्हणाला, तुटक तुटक, "इचारू नका रं तिला. बोलाय लावलं... की श्वास जातो. ऱ्हाऊ द्या."

गोजरबाईनं मान न उचलता तळहात वर केला, थांबा. मी तिचे ओठ बघत होतो. निळे नव्हते. घड्याळात तीन मिनिटं गेली. आदिनाथ दोन पावलांवर हात पुढे करून उभा होता, आणि तो हात त्यानं मागं घेतला. मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात जड काम त्यानंच केलं.

मग ती सरळ झाली आणि दोनशे एक्क्याण्णवावं पाऊल टाकलं.

वर पोचेपर्यंत अकरा विसावे झाले. तिचा चार हात चर फक्कीनं आखलेला होता. पाच घाव घालायची, थांबायची. पाच घाव, थांबायची. शेजारी रंभाजी तीन घावांवर थांबत होता, पण त्याचा एकही घाव वाया जात नव्हता. दगडाची शीर कुठं असते हे गावात त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. आक्काबाई माती ओढत होती.

बारा वाजता काम थांबलं. आबासाहेबांनी वाकून आपल्या हातानं गोजरबाईचा चर मोजला. मीही मोजला. पावणेदोन हात.

आदिनाथ हळूच म्हणाला, "आई, चार हात ठरलं हुतं."

गोजरबाई चराच्या काठावर बसून श्वास आवरत होती. तो आवरल्याशिवाय ती बोलणार नव्हती, हे आता गावालाही कळलं होतं. सगळे थांबले.

"उरला किती?" तिनं विचारलं.

"सव्वादोन हात," मी सांगितलं.

"पोरं काढत्याल पाच मिन्टांत," आबासाहेब समजुतीनं म्हणाले. "तुमी आलात, लई झालं."

गोजरबाईनं कुदळ चरावर आडवी टाकली. "माझ्या चरात कुनी कुदळ घालून तर बघावी! मी काढीन. म्होरल्या मंगळवारी हातभर, त्याच्या म्होरल्या मंगळवारी हातभर." मग आदिनाथकडे वळली. "काढला तर, म्हनलं हुतं. आजच काढते असं कुठं म्हनलं? आता मला सांग, भोसरीवरनं दर मंगळवारी आनून सोडशील का मला?"

आदिनाथनं कुदळीला लागलेली माती हातानं झाडली.

मी रजिस्टर उघडलं. "आबासाहेब, काय लिहू?"

आबासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "माफ खोडा."

"आणि?"

"पावणेदोन हात लिहा."

"तसा रकाना न्हाई."

"मंग आखा!"

तेवढ्यात बायकांतून आवाज आला, "तिचा हातानं मोजला, तर समद्यांचाच मोजा की!" आबासाहेबांना नाही म्हणायला कारण सुचेपर्यंत बायका मोजायला लागल्यासुद्धा. गेले दोन महिने न चुकता हजर असलेल्यांपैकी चौदा जणांचा चर गोजरबाईच्या चरापेक्षा तोकडा निघाला. दोघांना आपला चर कुठला हेच सांगता येईना. एकाचा गोजरबाईहून मोठा होता, पण तो त्याच्या बायकोनं काढलेला निघाला. रंभाजीचा दीड हात होता, आणि तो सगळा कातळात. मी सगळं लिहून घेतलं. आबासाहेबांच्या नावासमोर जागा कोरी ठेवली आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी कुदळ मागवली.

उतार लागला. उतरताना तिला दम लागत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. वर चढताना न बोललेलं सगळं तिनं चारशेबारा पावलांत बोलून घेतलं. सीमाला सांग, पोरांना घेऊन दिवाळीला ये. सांग तिला, स्टो पेटवताना खिडकी उघडी ठेवत जा. येताना ह्या पंपाची दुसरी नळी आन, नगरला म्हाग सांगत्यात. आन डोळं पूस, मी काय मेले का? आदिनाथनं डोळे पुसले.

पायथ्याशी तो माझ्याजवळ आला. "काका, उद्या दुधाचा टेम्पो नगरला किती वाजता निघतो?"

"सातला. किती जणांची जागा धरू?"

त्यानं मागं वळून बघितलं. गोजरबाई रंभाजीला फुंकणीचा श्वास शिकवत होती आणि त्याला जमत नाही म्हणून त्याच्यावर डाफरत होती.

"एकाचीच," तो म्हणाला.